सिसिलियाच्या हातातला ऑर्गन

संगीताच्या देवतेचे चित्र म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे वीणा घेतलेली सरस्वती उभी राहते. बोटे तारांवर, मान किंचित कललेली, आणि वाद्य असे अंगाशी की जणू तिच्या देहाचाच तो एक भाग असावा. युरोपात हे स्थान संत सिसिलियाकडे गेले. गाणारे, वाजवणारे, वाद्ये घडवणारे अशा सर्वांची ती कैवारी. २२ नोव्हेंबर हा तिचा दिवस. हिचे सर्वांत नावाजलेले चित्र राफाएलने काढले आणि ते इटलीतील बोलोन्या शहराच्या चित्रसंग्रहालयात आहे. १५१४ ते १५१७ या वर्षांच्या दरम्यान केव्हातरी ते पुरे झाले. पण सरस्वतीच्या अपेक्षेने या चित्रापुढे जाणारा माणूस पहिल्याच दृष्टिक्षेपात गोंधळून जातो. कारण इथे संगीताच्या कैवारिणीच्या पायांशी वाद्ये पडली आहेत आणि ती मोडकी आहेत. तिच्या हातात जे एकुलते एक वाद्य उरले आहे, तेही हातातून सुटण्याच्या बेतात आहे.

संगीताचा गौरव करण्यासाठी काढलेल्या चित्रात संगीताची ही अवस्था का? एवढाच प्रश्न धरून हे चित्र पाहिले, तरी त्याचे पुष्कळसे अंतरंग उलगडते असे मला वाटते.

आधी सिसिलियाची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. ती एका रोमन सरदार घराण्यातली मुलगी. ख्रिस्ताला मनाने वरलेली. पण घरच्यांनी तिचा विवाह व्हॅलेरियन नावाच्या तरुणाशी ठरवला. अंगावर जरीची वस्त्रे आणि त्यांच्या आत, कोणाला न दिसेल असे, खरखरीत केसाळ कापड नेसून ती बोहल्यावर चढली, असे कथा सांगते. लग्नमंडपात वाद्ये वाजत होती आणि त्या गजरात सिसिलिया मनातल्या मनात देवाला आळवीत होती, की माझे मन आणि माझी काया निष्कलंक राहो. पहिल्या रात्री तिने नवऱ्याला विश्वासात घेतले. एक देवदूत आपले रक्षण करतो, असे तिने त्याला सांगितले. व्हॅलेरियनने बाप्तिस्मा घेतला, मग त्यालाही तो देवदूत दिसला. पुढे दोघांनाही धर्मासाठी मरण पत्करावे लागले. सिसिलियाच्या मानेवर तीन घाव घालूनही मुंडके तुटले नाही आणि ती तीन दिवस जिवंत राहिली, अशी ही कथा आहे.

वाचकांच्या ध्यानात आले असेल, की या कथेत सिसिलिया काहीच वाजवत नाही. वाजवणारे दुसरेच आहेत आणि ती त्यांच्या वाजवण्याकडे पाठ फिरवून आत कुठेतरी गात आहे. लग्नातल्या या वाद्यांचा उल्लेख चर्चच्या प्रार्थनेत शिरला. त्यासाठी योजलेल्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘वाद्ये’ असा व्यापक असला, तरी पुढे त्यातून ‘ऑर्गन’ एवढेच ऐकू येऊ लागले. मग ती वाद्ये वाजत असताना गाणारी मुलगी ही स्वतःच ऑर्गन वाजवणारी झाली आणि कालांतराने सगळ्या संगीताची कैवारी ठरली. जी संगीतापासून कान काढून घेत होती, तिच्याच पदरात संगीत टाकले गेले. लोकमानस असे पुष्कळदा करते, आणि त्यात त्याची काही चूक होते असेही नाही.

राफाएलपुढे हा सगळा तिढा होता. शिवाय त्याच्यापुढे एक खरीखुरी बाईही होती. बोलोन्यातली एलेना दुल्योली ही एका नोटरीची बायको. लग्न होऊनही ती नवऱ्याबरोबर ब्रह्मचर्याने राहिली, म्हणून शहरात तिच्याविषयी मोठा आदर होता. सिसिलियाशी ती स्वतःचे नाते मानीत असे, आणि सिसिलियाच्या बोटाचे म्हणून मानले जाणारे एक हाड तिला भेट मिळाले होते. बोलोन्याच्या सान जोव्हान्नी इन मोंते या चर्चमध्ये तिच्या पुढाकाराने सिसिलियाचे एक उपासनागृह उभे राहिले. फ्लॉरेन्सच्या पुच्ची घराण्यातल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यात लक्ष घातले आणि वेदीवरच्या चित्राचे काम रोममध्ये राहणाऱ्या राफाएलकडे गेले. राफाएल तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला होता. १४८३ चा त्याचा जन्म. १५२० साली तो वारला. म्हणजे हे चित्र त्याच्या अखेरच्या काही वर्षांतले आहे.

आता चित्राकडे वळू. दोन मीटरांहून अधिक उंचीच्या या चित्रात पाच माणसे उभी आहेत. मधोमध सिसिलिया, अंगात सोनेरी पिवळा झगा. आपल्या डाव्या हाताला संत पॉल, लाल वस्त्राचा, तलवारीवर रेललेला. उजव्या हाताला मेरी मॅग्डलीन, हातात सुगंधी तेलाचे भांडे घेतलेली. या दोघांच्या आणि सिसिलियाच्या मधल्या जागांतून, थोडे मागे, दोन चेहरे दिसतात: डावीकडे संत जॉन आणि उजवीकडे धर्मगुरूचा दंड धरलेला संत ऑगस्टीन. वर आकाश फाटले आहे आणि त्या फटीत सहा देवदूत पुस्तके उघडून गात आहेत. खाली, अगदी आपल्या पायांपर्यंत येईल असा, वाद्यांचा ढीग.

हा ढीग नीट पाहावा. गुडघ्यांत धरून वाजवायचे एक मोठे तंतुवाद्य आहे. त्याला व्हिओला दा गांबा म्हणतात. त्याच्या तारा तुटल्या आहेत. खंजिरी आहे, झांजा आहेत, लोखंडी त्रिकोण आहे, पावे आहेत आणि नगाऱ्याच्या जातीची छोटी चर्मवाद्ये आहेत; त्यांचे कातडे फाटले आहे. व्हासारी हा चित्रकारांचा चरित्रकार सांगतो, की ही वाद्ये राफाएलने आपला सहकारी जोव्हान्नी दा उदिने याच्याकडून रंगवून घेतली. जोव्हान्नीचा हातखंडा असा, की फळे, पक्षी, भांडी अशा वस्तू त्याने काढल्या की हात लावून पाहाव्याशा वाटत. इथेही तसेच झाले आहे. लाकडाची तुकतुकी, धातूच्या कडेवरची चमक, फाटलेल्या चामड्याची कड हे सारे विलक्षण मायेने रंगवले आहे.

या मायेपाशीच रूढ अर्थ अडखळतो. चित्राचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ असा: पृथ्वीवरचे संगीत क्षुद्र, स्वर्गीय संगीत श्रेष्ठ, स्वर्गीय गाणे कानी पडताच सिसिलियाने पृथ्वीवरची वाद्ये टाकून दिली. अर्थ खोटा नाही. त्या काळचा श्रद्धाळू माणूस वेदीपुढे गुडघे टेकून हेच वाचत असणार. शिवाय लग्नातली वाद्ये म्हणजे देहाचा उत्सव, म्हणून ती मोडलेली, हाही धागा त्यात आहे. एलेनाला तो विशेष जवळचा वाटला असेल. पण ज्या वस्तूचा धिक्कार करायचा, तिच्यावर चित्रकार इतका वेळ आणि इतके कौशल्य खर्च करीत नाही. टाकाऊ म्हणून दाखवायची वाद्ये पाच-दहा फटकाऱ्यांत उरकता आली असती. ही तर कुणीतरी खूप दिवस वापरलेली, झिजलेली, जीव लावलेली वाद्ये वाटतात.

आणि मग सिसिलियाचे हात. ऑर्गन म्हटल्यावर आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता चालवायचा ऑर्गन आठवेल. सिसिलियाचा ऑर्गन वेगळा. हातांत उचलून धरता येईल असा, धातूच्या नळ्यांची ओळ असलेला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आहे, पण तो उलटा कलला आहे. नळ्या जमिनीकडे झुकल्या आहेत आणि त्यातल्या एकदोन आपल्या जागेवरून सुटून खाली सरकत आहेत. तिने वाद्य फेकलेले नाही, हे महत्त्वाचे. फेकायला विचार लागतो, निश्चय लागतो. इथे नुसती पकड सैल झाली आहे. आपण काही काम करीत असताना दुरून एखादा ओळखीचा आवाज यावा आणि हातातले भांडे कलून पाणी सांडू लागावे, तसे. सांडणाऱ्याला ते ठाऊक नसते. सिसिलियालाही ठाऊक नाही. तिच्या पायांशी पडलेल्या वाद्यांचे जे झाले, ते या ऑर्गनचे आता होऊ घातले आहे. पण चित्रातल्या क्षणी ते अजून झालेले नाही.

चित्राची सारी भाववृत्ती या ‘अजून’मध्ये आहे. एक संगीत थांबले आहे, दुसरे सुरू झाले आहे आणि या दोहोंच्या मधला श्वास राफाएलने पकडला आहे. म्हणून मला हे संगीताचे चित्र वाटत नाही, ऐकण्याचे वाटते. गाणारा माणूस काढणे सोपे. तोंड उघडे दाखवले की झाले. ऐकणारा माणूस काढणे फार कठीण, कारण ऐकताना बाहेर काहीच घडत नाही. राफाएलने ऐकणे कुठे दाखवले? डोळ्यांत थोडेसे, खरे तर हातांत. मनगटांतली ताकद ओसरली आहे आणि ती कुठे गेली ते डोळे सांगतात.

उरलेली चार माणसे काय करतात? हे चौघे एकाच काळातले नाहीत, एकाच गावचे नाहीत. वेदीवरच्या चित्रांत असे निरनिराळ्या काळांतले संत एकत्र आणण्याचा प्रघातच होता. पण या चौघांची निवड सहज झालेली नाही. पॉलने आपल्या पत्रात लिहिले आहे, की एक माणूस तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला आणि उच्चारता न येणारे काही त्याने तिथे ऐकले. तो माणूस म्हणजे पॉल स्वतःच, असा समज आहे. जॉनच्या नावावर असलेल्या प्रकटीकरणाच्या ग्रंथात स्वर्गातले गाणे आहे. ऑगस्टीनने संगीतावर ग्रंथ लिहिला; शिवाय आपल्या आत्मकथनात त्याने मोकळेपणाने मांडले आहे, की चर्चमधल्या गाण्याने आपले डोळे भरून येतात, पण आपण अर्थाने हेलावलो की नुसत्या सुराने, याची आपल्याला भीती वाटते. आणि मॅग्डलीनविषयी अशी कथा आहे, की उत्तरायुष्यात ती अरण्यात राहत असता देवदूत तिला रोज वर उचलून नेत आणि ती तिथले गाणे ऐकत असे. म्हणजे सिसिलियाभोवती उभे असलेले सगळे या वाटेने जाऊन आलेले किंवा या वाटेविषयी झुरलेले आहेत.

पण आत्ता, या क्षणी, त्यांच्यापैकी एकही वर पाहत नाही. जॉन आणि ऑगस्टीन एकमेकांकडे पाहत आहेत. आपण दोघांनी एकच गोष्ट जाणली की काय, अशी ती दृष्टभेट आहे. पॉल हनुवटीला हात लावून खाली, वाद्यांकडे पाहत आहे. याच पॉलने लिहिले होते, की प्रेम नसेल तर माझे बोलणे म्हणजे नुसती वाजणारी झांज. आणि इथे त्याच्या नजरेखाली खरोखरीच झांजा पडल्या आहेत! राफाएलने ही जुळणी जाणूनबुजून केली असावी असे मानायला हरकत नाही. पॉलच्या चेहऱ्यावर तिरस्कार नाही. एखाद्या घरी कोणी गेल्यानंतर मागे राहिलेल्या वस्तूंकडे थोरला माणूस जसा पाहत बसतो, तसे त्याचे पाहणे आहे.

राहिली मॅग्डलीन. ती सरळ आपल्याकडे पाहते. पाच जणांत आपली दखल घेणारी ती एकटीच. तिच्या नजरेत उपदेश नाही, आमंत्रणही फारसे नाही. ‘तुम्हांला येतेय का ऐकू?’ एवढेच ती विचारीत असावी.

आणि आपल्याला ऐकू येत नाही. चित्राला आवाज नसतो. देवदूत आपल्याला दिसतात, त्यांची पुस्तके दिसतात, पण गाणे सिसिलियाच्या कानी पडते, आपल्या नाही. उलट, सिसिलियाला जे दिसत नाही ते आपल्याला अगदी जवळून दिसते: पायांशी पडलेली मोडकी वाद्ये. म्हणजे आपली जागा सिसिलियाशेजारी नसून पॉलशेजारी आहे. जे मोडले ते आपण पाहतो, आणि जे सुरू झाले ते एका ऐकणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून आपल्याला ताडावे लागते.

राफाएलने हे योजून केले, याला एक पुरावा आहे. मार्कांतोन्यो रायमोंदी हा कोरीव चित्रे छापणारा कलावंत राफाएलच्या आराखड्यांवरून छापचित्रे काढीत असे. सिसिलियाचेही त्याने एक छापचित्र केले आणि ते राफाएलच्या आधीच्या कल्पनेवरून केले असे मानतात. त्यात वरचे देवदूत वाद्ये वाजवीत आहेत. अंतिम चित्रात राफाएलने देवदूतांच्या हातांतली वाद्ये काढून घेतली आणि पुस्तके दिली. त्यामुळे दोन्ही संगीतांतला फरक एकदम स्पष्ट झाला. वर नुसता कंठ, खाली लाकूड, चामडे आणि तारा. वर जे आहे ते मोडू शकत नाही. पण त्याचबरोबर देवदूतही पुस्तकात पाहून गातात, ही गोष्ट मला फार गोड वाटते. स्वर्गातही गाणे बसवावे लागते म्हणायचे!

इथे आपल्याकडच्या वाचकाला ‘अनाहत नाद’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. आघाताविना उमटणारा, योग्याला आत ऐकू येणारा नाद. दोन वस्तू एकमेकींवर आपटल्यावर होतो तो आहत. वाद्यांचा ढीग आणि वरचे गाणे यांच्याकडे पाहताना ही जोडी सुचणे स्वाभाविक आहे आणि चित्राच्या जवळ जायला तिची मदतही होते. मात्र तिथेच थांबलो तर आपली फसगत होईल. अनाहत आपल्या आतच असतो आणि त्यासाठी साधक डोळे मिटतो. सिसिलियाचे डोळे उघडे आहेत. तिचे गाणे बाहेरून येते, तिने मागितल्याशिवाय येते, आणि आकाश फाडून येते. ती साधना करीत नव्हती; वाद्य घेऊन उभी होती. तिच्यावर कृपा झाली. ख्रिस्ती कल्पनेतला हा वेगळेपणा पुसून टाकून ‘सगळे एकच’ म्हणण्यात औदार्य दिसते खरे, पण त्यात चित्र हातचे जाते.

या चित्राचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सिसिलियाचे वर लागलेले डोळे पुढच्या चित्रकारांना फार आवडले. बोलोन्याच्याच गुइदो रेनीने या चित्राची नक्कल केली, आणि पुढे वर पाहणारे, पाणावलेले संत ही त्याची खासियत झाली. मग त्याच्या अनुयायांनी आणि त्यांच्याही अनुयायांनी तेच केले. हळूहळू डोळे वर केले की भक्ती झाली, असा सोपा संकेत बनला. आज राफाएलचे मूळ चित्र पाहताना त्या सगळ्या गुळचट चेहऱ्यांची आठवण मध्ये येते, आणि हिचाही चेहरा तसाच तर नाही ना, अशी शंका येते. माझे उत्तर असे, की चेहरा झाकून पाहावा. राफाएलची सिसिलिया चेहरा झाकला तरी ऐकत राहते, कारण निसटणारा ऑर्गन, सैल मनगटे आणि खालची वाद्ये आपली साक्ष देतात. अनुकरण करणाऱ्यांनी डोळे घेतले, पण त्या डोळ्यांसाठी मोजलेली किंमत घेतली नाही. काहीतरी सुटल्याशिवाय वर पाहणे म्हणजे नुसती मान उंचावणे.

चित्राला प्रवासही घडला. नेपोलियनच्या सैन्याने १७९६ साली इटलीतून ज्या कलाकृती नेल्या, त्यांत हे होते. पॅरिसमध्ये ते मूळच्या लाकडी फळीवरून उतरवून कापडावर चढवण्यात आले. १८१५ साली ते बोलोन्याला परतले आणि संग्रहालयात गेले. चर्चमधल्या जुन्या चौकटीत आता त्याची नक्कल आहे. त्याआधी, १७८६ साली, जर्मन कवी गटे याने ते बोलोन्यात पाहिले होते. या पाच संतांपैकी कुणाशीच आपले काही देणेघेणे नाही, तरीही हे चित्र चिरकाल टिकावे असे मनापासून वाटते, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर हा लेख वाचणाऱ्या मराठी वाचकालाही पहिले वाक्य सहज आपले वाटेल. दुसरे वाटावे, यासाठीच हा लेखनप्रपंच.

शेवटी एक आख्यायिका. व्हासारी सांगतो, की राफाएलने हे चित्र रोमहून बोलोन्याला पाठवले ते फ्रांचा या आपल्या वयोवृद्ध चित्रकार मित्राच्या हवाली केले. वाटेत कुठे ओरखडा पडला असेल तर तो दुरुस्त करावा, आणि काही चूक दिसली तर तीही मित्र या नात्याने सुधारावी, असे त्याला लिहिले. फ्रांचाने पेटी उघडवली, चांगल्या उजेडात चित्र पाहिले आणि आपण आयुष्यभर काय काढत होतो हे त्याला उमगले. त्या दुःखाने तो अंथरुणाला खिळला आणि थोड्याच दिवसांत गेला. फ्रांचा १५१७ च्या आरंभी वारला हे खरे. बाकी कथेवर अभ्यासक विश्वास ठेवत नाहीत, आणि खुद्द व्हासारीनेही मृत्यूची दुसरी कारणे लोक सांगतात हे नोंदवले आहे.

इतिहास म्हणून ही कथा सोडून द्यावी. पण ज्याने ती प्रथम रचली त्याला चित्र नेमके कळले होते. त्याने सिसिलियाचीच गोष्ट पुन्हा सांगितली. ऑर्गनच्या जागी कुंचला ठेवला, इतकेच. आपल्याहून मोठे काही समोर आले, की हातातले साधन सैल पडते. फ्रांचाच्या कथेत त्याचे मरण होते. चित्रातल्या सिसिलियाचे तसे होत नाही. तिच्या चेहऱ्यावर हरल्याची खूण नाही, आणि ऑर्गन अजून तिच्या हातात आहे. आजवर वाजवले म्हणूनच तिचा कान तयार झाला असेल, असे म्हटले तर ते वावगे होऊ नये. मोडलेल्या वाद्यांवर राफाएल आणि जोव्हान्नी यांनी इतकी माया का केली, त्याचे उत्तर मला इथे सापडते. त्या वाद्यांचे काम झाले होते. त्यांनी तिला ऐकायला शिकवले होते.